विश्लेषण : बालगंधर्वांचा रंगवलेला चेहरा आणि आपला रोजचा मेकअप... प्रकाश, अंतर आणि वयाचे गणित काय सांगते?

सकाळी घाईत चेहऱ्याला काय लावायचे, किती लावायचे आणि ते संध्याकाळपर्यंत टिकवायचे कसे? मोबाईलवर याची शेकडो उत्तरे मिळतात. त्यातले बहुतेक व्हिडीओ बंद खोलीत, वातानुकूलित हवेत आणि चेहऱ्यावर नेमका प्रकाश पाडून चित्रित केलेले असतात. तीच कृती कणकवली तालुक्यातल्या नांदगावात बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर तासाभरात ओघळते. चूक तिच्या हाताची नसते. प्रकाश, अंतर, हवा आणि वय यांचा हिशेब त्या व्हिडीओत धरलेलाच नसतो. हा हिशेब मराठी रंगभूमीने फार पूर्वी मांडला होता. त्याचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्यांच्या आयुष्याकडे रंगभूषेच्या अंगाने पाहिले, तर रोजच्या मेकअपचे बरेच नियम आपोआप उलगडतात.

बालगंधर्व कोण होते?

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी पुण्यात झाला. राजहंस कुटुंब मूळचे सांगली भागातल्या नागठाण्याचे. लहानपणीच त्यांचा गळा लोकांच्या कानात भरला. पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव पुढे चिकटले, असे सांगितले जाते. पंडित भास्करबुवा बखले हे त्यांचे गुरू. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार करवले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्यांची गाठ घालून दिली. १९०५ मध्ये ते या मंडळीत दाखल झाले आणि ‘शाकुंतल’मधली शकुंतला होऊन प्रेक्षकांसमोर आले. तेव्हा त्यांचे वय होते १७.

पुढची अनेक दशके ते सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी, रेवती, वसंतसेना, सिंधू आणि द्रौपदी होऊन रंगमंचावर वावरले. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. अस्सल रेशमी शालू, भरजरी पैठण्या, खरे दागिने, अत्तराचा दरवळ आणि उंची पडदे यांसाठी ही मंडळी ओळखली गेली.

स्त्री भूमिका पुरुषाने का करायची?

त्या काळी घरंदाज स्त्रीने नाटकात काम करणे समाजाला मान्य नव्हते. त्यामुळे स्त्री भूमिका पुरुषच करत. बालगंधर्वांच्या आधी किर्लोस्कर मंडळीतच भाऊराव कोल्हटकर यांनी अशा भूमिका गाजवल्या होत्या. चित्रपटाची सुरुवातही तशीच झाली. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले. त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कॅमेऱ्यासमोर पाऊल ठेवले. रंगभूमीवर मात्र पुरुषांची सद्दी आणखी बरीच वर्षे टिकली.

पुरुषाचा चेहरा स्त्रीचा दिसावा यासाठी रंगभूषेला दोन कामे करावी लागत. दाढीची हिरवट-निळसर छटा झाकायची आणि जबड्याचा, भुवयांचा ठसठशीतपणा कमी करायचा. हाताशी साधने थोडी होती, म्हणून चेहऱ्याचा अभ्यास जास्त करावा लागे. रोजच्या मेकअपची सुरुवातही इथूनच होते. आधी आपला चेहरा दिवसाच्या उजेडात नीट पाहायचा आणि झाकण्याजोगे नेमके काय आहे ते ठरवायचे. डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि एखाददुसरा डाग एवढेच झाकायचे असेल, तर अख्ख्या चेहऱ्यावर फाउंडेशनचा थर चढवण्याची गरज नसते. तेवढ्याच जागी कन्सिलर बोटाने हलके थोपटले तरी काम होते. डोळ्यांखालची निळसर काळोखी झाकायला किंचित नारिंगी छटेचा कन्सिलर उपयोगी पडतो, कारण नारिंगी रंग निळ्याला मारतो. दाढीची छटा झाकतानाही हेच तत्त्व लागू पडते.

प्रकाशाचा आणि रंगाचा संबंध काय?

बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात गावोगावची नाटके तेलाच्या आणि गॅसच्या दिव्यांत होत. मोठ्या शहरांतल्या थिएटरांत वीज हळूहळू येत होती. दिव्यांचा प्रकाश पिवळसर आणि मंद असे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले दिवे चेहऱ्यावर खालून उजेड टाकत. खालून उजेड पडला की नाकाची आणि गालाच्या हाडांची सावली वर जाते, डोळे खोल दिसतात. म्हणून पापण्यांना, भुवयांना आणि ओठांना गडद रेघ द्यावी लागे. गालांवर जास्त लाली लागे, कारण पिवळ्या उजेडात गुलाबी रंग फिका पडतो.

हीच गोष्ट आपल्या घरात रोज घडते. पिवळ्या बल्बखाली तयार होणारी व्यक्ती ब्लश आणि लिपस्टिक नकळत जास्त लावते आणि बाहेर उन्हात आली की चेहरा भडक दिसतो. पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये उलटे होते. चेहरा निस्तेज वाटतो, म्हणून फाउंडेशनचा आणखी एक थर चढतो.

उपाय सोपा आहे. आरसा खिडकीसमोर ठेवावा. उजेड समोरून चेहऱ्यावर पडला पाहिजे, पाठीमागून किंवा एकाच बाजूने नको. फाउंडेशनची छटा निवडताना ती मनगटावर लावून पाहू नये, कारण हाताचा रंग चेहऱ्यापेक्षा वेगळा असतो. जबड्याच्या कडेवर दोन-तीन छटांच्या बारीक रेघा ओढाव्यात, दुकानाबाहेर येऊन उजेडात पाहावे आणि गळ्याच्या रंगात मिसळून दिसेनाशी होणारी छटा घ्यावी. काही मिनिटे थांबणेही महत्त्वाचे, कारण हवा लागल्यावर अनेक फाउंडेशन किंचित गडद होतात. आपल्यापेक्षा गोरी छटा घेतली की चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळी पडते.

‘मानापमान’च्या दिवशी काय घडले?

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा, असे वाटणारी माणसे मंडळीत होती. प्रेक्षक आले होते, मंडळीचा पैसा त्यात गुंतला होता आणि नाटक नवे होते. नारायणरावांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. ते रंगपटात बसले, तोंडाला रंग लावला आणि भामिनी होऊन रंगमंचावर गेले. नाटक गाजले. बालगंधर्वांच्या चरित्रात ही घटना आजवर पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

या घटनेचे कौतुक होते तसेच तिच्याकडे अस्वस्थ होऊनही पाहता येते. रंगवलेला चेहरा माणसाला उभे राहायला मदत करतो आणि तोच चेहरा त्याला दुःख करायला वेळही देत नाही. पुढच्या आयुष्यात बालगंधर्वांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या.

एकाच चेहऱ्याची दोन रूपे कशी?

‘मानापमान’मधली भामिनी श्रीमंत घरची. धैर्यधराला पारखण्यासाठी ती साध्या दासीचे, वनमालेचे रूप घेते. म्हणजे एकाच नटाला एकाच रात्री थाटाचा आणि साधा असे दोन्ही चेहरे दाखवावे लागत. त्याहून कठीण कसोटी १९१९ मध्ये आली. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मधली सिंधू ही खात्यापित्या घरातून दारिद्र्यात उतरलेली, दुसऱ्यांचे दळण दळणारी बाई. १९१६ च्या ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीचा साज तिला चालणार नव्हता. भरजरी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या नटाने सिंधूच्या हलाखीने प्रेक्षकांना रडवले आणि ही भूमिका त्यांच्या सर्वोत्तम भूमिकांत गणली गेली.

प्रसंग पाहून चेहरा करायचा, हा यातला व्यावहारिक भाग. बँकेत, शाळेत किंवा दवाखान्यात कामाला जाताना सिंधू आणि वनमाला उपयोगाच्या, तर लग्नाच्या मांडवात रुक्मिणी. कामाच्या दिवशी चेहऱ्यावरची एकच जागा उठावदार ठेवावी. काजळ ठळक असेल तर ओठ फिके ठेवावेत. लिपस्टिक गडद असेल तर डोळ्यांना फक्त मस्कारा पुरे. दोन्ही गडद केले की दिवसाच्या उजेडात चेहरा थकलेला आणि वयस्कर दिसतो. साधा दिसणारा मेकअप करायलाही हात बसवावा लागतो, कारण त्यात थर पातळ असतात आणि कडा नीट मिसळाव्या लागतात.

बायका त्यांची नक्कल का करू लागल्या?

बालगंधर्वांची साडी नेसण्याची पद्धत, अंबाडा, त्यावरचा गजरा, नथ आणि पदर सांभाळण्याची ढब पाहून पांढरपेशा घरांतल्या स्त्रिया तसे नेसू-माळू लागल्या. पुरुषाने रंगवलेली स्त्री खऱ्या स्त्रियांसाठी नमुना ठरली. यात एक विसंगती होती. ज्या बाईला रंगमंचावर उभे राहायची परवानगी नव्हती, तिने कसे दिसावे हे मात्र रंगमंच ठरवत होता. दुसरी बाजू अशी की, नटणे म्हणजे थिल्लरपणा अशी समजूत असलेल्या घरांत नटण्याला थोडी प्रतिष्ठाही याच नाटकांमुळे मिळाली.

सौंदर्यप्रसाधनांचा देशी बाजारही याच सुमारास आकार घेत होता. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ हे क्रीम आणले आणि ते घराघरांत गेले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये टाटा समूहाने ‘लॅक्मे’ सुरू केली. लक्ष्मीच्या नावावरून आलेल्या एका फ्रेंच ऑपेराचे ते नाव. मधल्या तीन-चार दशकांत पावडर, स्नो आणि लाली या वस्तू नाटकाच्या रंगपटातून घरातल्या आरशासमोर आल्या.

आज नमुन्याची जागा मोबाईलने घेतली आहे. पडद्यावरच्या चेहऱ्यावर फिल्टर असतो, तो त्वचेची छिद्रे आणि सुरकुत्या पुसून टाकतो. खऱ्या त्वचेवर तसे करायला गेले की पिठाळ थर दिसतो. त्वचा त्वचेसारखीच दिसणार, हे धरून चालले की निम्मे सामान वाचते.

कॅमेऱ्यासमोर काय बिनसले?

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. तो प्रयोग म्हणजे संगीत नाटकाच्या वैभवाचा कळस होता. तीन महिन्यांच्या आतच, ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. गंधर्व मंडळीही कर्जात बुडाली होती. नारायणरावांनी मंडळी मोडली नाही. प्रयोग करून कर्ज फेडायचे ठरवले आणि पुढच्या काही वर्षांत ते फेडलेही. पण काळ बदलत होता. १९३१ मध्ये बोलपट आला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे यांनी तारामती साकारली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांनीच स्त्री भूमिका केल्या. खरी स्त्री समोर आल्यावर रंगवलेल्या स्त्रीकडे पाहण्याची नजर बदलली.

बालगंधर्वही चित्रपटाकडे वळले. प्रभात कंपनीच्या, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘धर्मात्मा’मध्ये १९३५ साली ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुष भूमिकेत आले. ज्या प्रेक्षकांनी त्यांना नथ आणि शालूत पाहिले होते, त्यांना हा चेहरा ओळखीचा वाटेना. त्यानंतर ‘साध्वी मीराबाई’मध्ये ते पुन्हा स्त्री भूमिकेत दिसले, पण तो चित्रपट चालला नाही.

इथे रंगभूषेचा दुसरा मोठा नियम समोर येतो, तो अंतराचा. नाटकाची रंगभूषा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असते. दुरून पाहणाऱ्याला डोळे आणि ओठ कळावेत म्हणून रेषा जाड आणि रंग गडद ठेवतात. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर येतो. दुरून शोभणारी रेघ जवळून रेघच दिसते आणि रंगाखालचे वय, जबडा, मान काहीच लपत नाही. चित्रपटांसाठी म्हणूनच पातळ, त्वचेला धरून बसणारे रंग शोधावे लागले. मॅक्स फॅक्टर यांच्या कंपनीची पॅन-केक रंगभूषा १९३० च्या दशकाच्या अखेरीस याच गरजेतून आली.

रोजच्या आयुष्यात आपल्याला माणसे दोन-तीन फुटांवरून पाहतात. म्हणून आरशाला नाक लावून केलेला मेकअप शेवटी हातभर मागे सरकून तपासावा. आयलायनर दिसण्यापेक्षा पापण्या दाट दिसाव्यात, ब्लशची कड दिसू नये, भुवया रंगवलेल्या वाटू नयेत. मोबाईलवर फोटो काढायचा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. पांढरी बारीक पावडर जास्त लावली आणि फ्लॅश मारला की डोळ्यांखाली आणि नाकावर पांढरे ठिपके उमटतात. समारंभाला निघण्यापूर्वी फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहिला की ही फजिती टळते.

वय वाढल्यावर काय करावे?

बालगंधर्वांनी पन्नाशी उलटल्यावरही स्त्री भूमिका केल्या. गळ्याची जादू ऐकायला लोक येतच होते, पण देह स्थूल झाला होता आणि रंग वय लपवू शकत नव्हता. त्यांच्या चाहत्यांनाही हे दिसत होते आणि त्यांची कुचंबणा होत होती. पुढे गोहर कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या आणि स्त्री भूमिका करू लागल्या. या दोघांच्या सहवासावर समाजाने टीका केली, नारायणरावांनी साथ सोडली नाही. आयुष्यभर ज्या एका चेहऱ्याने त्यांना सगळे दिले, तो चेहरा सोडणे त्यांना सर्वात जड गेले.

चाळिशी-पन्नाशीनंतर त्वचा कोरडी होते आणि पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते. तरुणपणीची कृती तशीच चालवली तर वय आणखी ठळक होते. या वयात मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटे थांबावे, पावडरऐवजी क्रीम स्वरूपातला ब्लश घ्यावा, फाउंडेशन फक्त चेहऱ्याच्या मध्यभागी लावून कडेला नुसते मिसळावे आणि डोळ्यांखाली पावडर टाळावी. काळ्या लायनरऐवजी तपकिरी पेन्सिल डोळ्यांना सौम्य दिसते. गडद मॅट लिपस्टिकने ओठ बारीक आणि कोरडे वाटतात, त्याऐवजी ओठांच्या मूळ रंगाजवळची ओलसर छटा चांगली.

जुन्या रंगांत काय असायचे?

जुन्या रंगभूमीवर सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ आणि मुर्दाडशिंग अशी साधने वापरात होती. यातला हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग आणि मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचे. सफेदाही कधी जस्ताचा, कधी शिशाचा असे. रात्रीमागून रात्र असे रंग चेहऱ्यावर वागवणे आरोग्याला घातक होते. तेव्हा त्याची जाणीव कमी होती आणि पर्यायही कमी होते.

आज कायदा आहे. भारतातल्या सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार प्रसाधनांतल्या शिशावर आणि पाऱ्यावर मर्यादा आहेत. शिशासाठी रंगांत ही मर्यादा दहा लाख भागांत २० भाग अशी आहे. तरीही जत्रेत आणि फुटपाथवर बिनलेबलाचे काजळ, सुरमा, कुंकू आणि झटपट गोरे करणारी क्रीम सर्रास मिळतात. म्हणून खरेदी करताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का ते पाहावे. आठवडाभरात गोरे करण्याचे आश्वासन देणारे क्रीम घेऊच नये. अशा क्रीममध्ये पारा किंवा तीव्र स्टेरॉइड असू शकते. पारा मूत्रपिंडाला इजा करतो आणि स्टेरॉइडने त्वचा पातळ होते.

नवीन वस्तू थेट चेहऱ्यावर न लावता कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. वेष्टनावर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात आकडा असतो. ती वस्तू उघडल्यापासून किती महिने वापरायची, हे तो आकडा सांगतो. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा. काजळ आणि मस्कारा बहिणीशीसुद्धा वाटून वापरू नये, डोळे येण्याचा संसर्ग असाच पसरतो.

सिंधुदुर्गात हा धडा आजही कुठे दिसतो?

बालगंधर्वांचा काळ मागे पडला तरी पुरुषाने स्त्री भूमिका करण्याची परंपरा सिंधुदुर्गात जिवंत आहे. जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतारी मंडळी पेटारा घेऊन गावोगाव फिरतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या कलावंतांना वेगळा रंगभूषाकार नसतो. प्रत्येक जण समोर छोटा आरसा ठेवून आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीपार्टी नट लुगडे नेसून, वेणी माळून तासाभरात असा उभा राहतो की नवख्या प्रेक्षकाला ओळखू येत नाही. जत्रेला गेल्यावर मुभा मिळाली तर रंगपटाकडे एकदा पाहावे. आधी पाया, मग डोळे, मग भुवया, शेवटी ओठ आणि कुंकू, हा क्रम तिथे डोळ्यांनी शिकता येतो.

त्यांच्याकडून घेण्यासारखी आणखी एक सवय आहे, ती म्हणजे रंग उतरवण्याची. पहाटे नाटक संपल्यावर कितीही दमणूक झाली असली तरी तेल चोळून रंग पुसल्याशिवाय नट झोपत नाही. रोजच्या मेकअपलाही हा नियम लागू आहे. खोबरेल तेलाने काजळ आणि टिकाऊ लिपस्टिक चटकन निघते, पण त्यानंतर सौम्य फेसवॉशने चेहरा धुणे आवश्यक आहे. तेल तसेच राहिले तर तेलकट त्वचेवर मुरुमे येतात. मुरुमे असलेल्यांनी तेलाऐवजी मायसेलर वॉटर वापरावे.

कोकणच्या दमट हवेत रोजचा मेकअप कसा करावा?

नांदगाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे, कोकण रेल्वेचे नांदगाव रोड स्थानकही आहे. इथून कामासाठी, शिक्षणासाठी रोज ये-जा करणाऱ्यांना ऊन, घाम, धूळ आणि चार महिने पाऊस यांना तोंड द्यावे लागते. त्यांच्यासाठी दहा मिनिटांत होणारी कृती अशी.

१. चेहरा धुऊन टिपून घ्यावा. जेलसारखे हलके मॉइश्चरायझर लावावे. दमट हवेतही ते लागते, फक्त जाड क्रीम नको.

२. एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन दोन बोटांवर मावेल एवढे चेहऱ्याला आणि मानेला लावावे. पाच मिनिटे थांबावे. साडी नेसणे किंवा डबा भरणे या वेळात उरकते.

३. डाग आणि काळी वर्तुळे असतील तिथेच कन्सिलर थोपटावा. फाउंडेशन हवेच असेल तर वाटाण्याएवढे घेऊन ओल्या स्पंजाने दाबत लावावे, चोळू नये.

४. कपाळ, नाक आणि हनुवटी एवढ्याच जागी कॉम्पॅक्ट दाबून लावावे. गाल मोकळे ठेवावेत.

५. काजळ वॉटरप्रूफ घ्यावे. लावण्याआधी डोळ्याखाली चिमूटभर पावडर टेकवावी आणि नंतर काजळाच्या कडेवर तपकिरी आयशॅडोचा हात फिरवावा. काजळ पसरत नाही.

६. लिपस्टिकचा एक हात द्यावा, टिश्यू पेपर ओठांत दाबावा आणि दुसरा हात द्यावा. हाच रंग बोटावर घेऊन गालांवर टेकवला तर वेगळा ब्लश लागत नाही.

७. शेवटी पर्समध्ये टिश्यू पेपर ठेवावा. घाम आला की पुसू नये, टिपावा. घामावर पुन्हा पावडर मारली की तिचा लगदा होतो. आधी टिपावे, मग गरज वाटली तरच कॉम्पॅक्ट लावावे.

ब्रश आणि स्पंज आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ओल्या स्पंजाला बुरशी धरते, म्हणून तो बंद डबीत ठेवू नये.

बालगंधर्वांचे पुढे काय झाले?

१९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. १९६४ मध्ये केंद्र सरकारने पद्मभूषण दिले, त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. अखेरची वर्षे आजारपणात आणि पैशांच्या ओढाताणीत गेली. पुण्यात त्यांच्या नावाने उभ्या राहणाऱ्या नाट्यगृहाच्या भूमिपूजनाला १९६२ मध्ये ते स्वतः उपस्थित होते. ते पूर्ण झालेले पाहायला मात्र ते राहिले नाहीत. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी, २६ जूनला म्हणजे त्यांच्या जन्मदिनी बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले.

२०११ मध्ये आलेल्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे यांनी त्यांची भूमिका केली. सुबोध यांचा चेहरा बालगंधर्वांसारखा करण्याचे काम रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांनी केले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरुषाच्या चेहऱ्यावर स्त्री उभी करण्याची जी करामत कॅमेऱ्यासमोर १९३७ मध्ये जमली नव्हती, ती पाऊणशे वर्षांनी पातळ थर, योग्य प्रकाश आणि जवळच्या अंतराचा विचार करून जमली. घरच्या आरशासमोर लागते तेही एवढेच. खिडकीचा उजेड घ्यावा, थर पातळ ठेवावा, हातभर मागे सरून पाहावे आणि रात्री झोपण्यापूर्वी सगळे धुऊन टाकावे.